हबसाणची वाट : झुला ते मगदाला, उठावाच्या नकाशाच्या कामाच्या नोंदी

9 जून 2024

आजपासून वही सुरू. पाटबंधारे खात्याच्या आरेखन शाखेत होते तेव्हा रोज संध्याकाळी कामाची नोंद करायची सवय होती, ती निवृत्तीनंतर सुटली. या कामाला ती लागणार.

काम असं : 1868 साली मुंबईहून गेलेल्या इंग्रज आणि हिंदी फौजेनं ॲबिसिनियावर चढाई केली. तांबड्या समुद्रावरच्या झुल्यापासून मगदालाच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत सुमारे 400 मैल ती फौज चालत गेली. झुला आणि सेनाफे आज एरिट्रियात आहेत, पुढची वाट इथिओपियात. त्या सगळ्या वाटेचा उठावाचा, म्हणजे डोंगरदऱ्या उंचसखल दाखवणारा, नकाशा करायचा आणि महाडजवळच्या आमच्या गावच्या शाळेला द्यायचा.

कारण घरातलं आहे. आजी सांगायची, तिचे आजेसासरे, म्हणजे माझे खापरपणजोबा, 'हबसाणात जाऊन आले'. हबसाण म्हणजे मुळात ॲबिसिनिया, पण आमच्याकडे हबसाण म्हटलं की सिद्दीचा जंजिरा. मुरूड काही लांब नाही, त्यामुळे त्या जाण्यायेण्याचं कुणाला अप्रूप वाटलं नाही. पण आजीच्या सांगण्यात दोन गोष्टी अशा होत्या की त्या मुरूडला बसत नाहीत. एक, तिथे समुद्राचं पाणी उकळून गोडं करून प्यायला देत. दुसरी, ते येताना एक चांदीचं नाणं घेऊन आले, त्यावर बाईचा मुखवटा. ते नाणं अजून भावाकडे आहे. त्यावर 1780 साल आहे म्हणून सगळे त्याला पेशवाईतलं समजत आले.

ते मारिया थेरेसा थालर आहे. ऑस्ट्रियाची ही महाराणी 1780 मध्ये वारली आणि त्यानंतर कितीही वर्षांनी पाडलं तरी या नाण्यावर 1780 हेच साल घालत राहिले. ॲबिसिनियात बाजारात हेच चालायचं. ब्रोचवरचे ठिपके आणि डोक्यावरचे मोती स्पष्ट नसले तर लोक ते परत करत. मोहिमेसाठी व्हिएन्नाच्या टांकसाळीतून ही नाणी मुद्दाम पाडून घेतली होती.

नाणं अरबस्तानाच्या व्यापारातूनही आमच्या किनाऱ्याला येत असे, हे मला ठाऊक आहे. नाणं म्हणजे पुरावा नव्हे. पण नाणं आणि समुद्राचं गोडं पाणी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आठवणीत आहेत, तेवढ्यावर मी निघाले आहे.

16 जून

मापं ठरली. भाचा क्यूजीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर बसला, मी कागदावर. झुल्यापासून मगदाला सरळ रेषेत साधारण 448 किलोमीटर, जवळजवळ थेट दक्षिणेला. 1 सेंटीमीटरला 2 किलोमीटर धरले तर 2 मीटर 24 सेंटीमीटर. आठ फुटी फळीत आरामात बसतं. रुंदी दोन फूट, म्हणजे 122 किलोमीटरचा पट्टा, रेखांश 39 पासून 40 च्या जरा पुढेपर्यंत. प्लायच्या एका पाटाची उभी अर्धी चीर पुरते.

उंची याच प्रमाणात दाखवली तर 3,000 मीटरचा डोंगर दीड सेंटीमीटरचा होतो, बोटालाही लागणार नाही. म्हणून उंची पाच पट. 3 मिलिमीटरच्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) एक थर म्हणजे 120 मीटर. पठारावर 20 ते 25 थर येतील, खिंडीजवळ त्याहून थोडे जास्त.

उपग्रहाची उंचीची माहिती फुकट मिळते, 30 मीटरच्या चौकटीत. पडद्यावर समोच्च रेषा उमटल्या आणि मी थोडा वेळ काही बोललेच नाही. हा आपला सह्याद्री आहे. सपाट माथे, ताशीव कडे, मधे घळी. तिकडे अशा सपाट माथ्याच्या डोंगराला 'अंबा' म्हणतात. दोन्हीकडे लाव्हाचे थर थंड होऊन तयार झालेला कातळ, दख्खनचा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तिकडचा सुमारे 3 कोटी. साल्हेर किंवा दौलताबाद पाहिलेल्या माणसाला मगदाला समजावून सांगावा लागत नाही.

30 जून

वजनानं अडवलं. एक पूर्ण थर सव्वातीन किलोच्या वर भरतो. हे पठार इतकं उंच आहे की खालचे पंधरा-सोळा थर पश्चिमेकडे जवळजवळ भरीवच राहतात. सगळं मिळून 70 किलो होईल. शाळेत चार माणसं लागतील उचलायला.

सुतारकाकांनी तोड काढली. खालच्या थरांच्या फक्त कडा ठेवायच्या, आत पाइनच्या पट्ट्यांची जाळी. 'बाई, डोंगर आतून पोकळ असला तरी पोरांना काय कळतंय.' पूर्वेला मात्र पठार एकदम संपतं आणि दानाकिलचा सखल प्रदेश लागतो, तिथे खालपर्यंत पायऱ्या उघड्या दिसणार. तेवढ्या भरीव.

14 जुलै

लेझरवर कापून आणलेले पहिले नऊ थर पावसाच्या हवेनं वाकले. भिंतीला उभे टेकवून ठेवले होते, चूक माझीच. आता आडवे ठेवून वर वजन, आणि दोन्ही बाजूंना पातळ सीलर. तीन थर पुन्हा कापावे लागतील. आठवडाभर कापणी बंद.

28 जुलै

थर सुकताहेत तोवर झुल्याचा तुकडा हाती घेतला. या मोहिमेचं सगळं गुपित या उजाड किनाऱ्यावर आहे, म्हणून इथे हात आखडायचा नाही.

लढाई म्हणून पाहिलं तर 1868 ची मोहीम एका दुपारची आणि एका सकाळ-दुपारची आहे. बाकी सगळं ओझं वाहणं आहे. सेनापती सर रॉबर्ट नेपियर हे मुंबई फौजेचे सरसेनापती, मूळचे इंजिनियर. हुकूम ऑगस्ट 1867 मध्ये सुटला, आघाडीची तुकडी ऑक्टोबरात झुल्याला उतरली. नेपियर स्वतः जानेवारी 1868 च्या सुरुवातीला पोचले. सैनिक सुमारे 13,000, त्यांत 4,000 गोरे आणि 9,000 हिंदी. त्यांच्यामागे 26,000 बाजारबुणगे. जनावरं 40,000 हून जास्त, त्यांत 44 हत्ती. हे सगळं वाहायला 280 च्या वर जहाजं.

'बाजारबुणगे' हा शब्द मी इथे लिहिला, पण फळीवर लिहिणार नाही. त्या शब्दात तुच्छता आहे. खेचरवाले, भिस्ती, डोलीचे भोई, गवत कापणारे, झाडूवाले, स्वयंपाकी : एकेका सैनिकामागे दोन माणसं. फळीवर 'वाहणारे' असं लिहीन.

आणि पाणी. झुल्याला गोडं पाणी नव्हतं. जहाजांवर आणि किनाऱ्यावर कोळसा जाळून समुद्राचं पाणी उकळत, वाफ थंड करून पिण्याचं पाणी करत. आजी सांगायची ते हेच. माणसांना मोजून पाणी मिळे. जनावरांचे फार हाल झाले. इजिप्त, तुर्कस्तान, स्पेन, इराण असं कुठून कुठून खेचरं विकत घेतलेली. ती आधी उतरली, हाकणारे आणि खोगिरं मागाहून. दोरखंड तोडून तहानलेली खेचरं किनाऱ्यावर भटकत, खाऱ्या पाण्याकडे धावत आणि मरत. त्यातच घोड्याखेचरांची साथ आली. सुरुवातीच्या महिन्यांत हजारो मेली.

रेल्वेही इथेच. झुल्यापासून डोंगराच्या पायथ्याच्या कुमायलीपर्यंत दहा-बारा मैल, हिंदुस्थानातल्यासारखीच साडेपाच फुटी रुंद. रूळ, इंजिनं, डबे, सगळं इकडून नेलेलं. रूळ तर वेगवेगळ्या मापांचे गोळा केलेले, जोडताना जीव मेटाकुटीला आला. मोहीम संपल्यावर ती उखडून परत आणली. मी तांब्याची दोन बारीक तारा समांतर चिकटवल्या, दहा सेंटीमीटरही नाही होत.

झुल्याशेजारी अडुलिस या जुन्या बंदराचे अवशेष आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून लोखंड, पोलाद आणि सुती कापड अडुलिसला जात असल्याचं नोंदलेलं आहे. फळीवर तिथे एक पांढरा ठिपका देते. आपली जहाजं तिथे पहिल्यांदा 1867 साली गेली नव्हती, एवढं मुलांना कळावं.

4 ऑगस्ट

थर 1 ते 11 चिकटले. फेव्हिकोल आणि वर विटा. रविवार यातच गेला.

25 ऑगस्ट

झुला ते सेनाफे, साठेक मैल, आणि चढण समुद्रसपाटीपासून 2,400 मीटरच्या आसपास. सुरूच्या घळीतून जाणारी ही वाट सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकड्यांनी, फोडली. मुंबई सॅपर्स, मद्रास सॅपर्स, पंजाब पायोनियर, बलुची पलटण. मुंबई सॅपर्स म्हणजे आपल्या खडकीची आजची बॉम्बे इंजिनियर ग्रुप. चार-पाच वर्षांपूर्वीच, 1863 मध्ये, बोरघाटातून आगगाडी वर चढली होती. घाट कसा चढवायचा याचं शिक्षण या बाजूला ताजं होतं. आधी एकट्या खेचराची पायवाट, मग उंटाची, मग गाडीवाट.

मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, बेने इस्राएल, उत्तर हिंदुस्थानातले, ज्यांना 'परदेशी' म्हणत ते, असे सगळे असत. त्यातल्या तिसऱ्या आणि दहाव्या पलटणी पुढे मराठा लाइट इन्फंट्रीच्या झाल्या, म्हणून त्या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत ॲबिसिनिया हे नाव येतं.

तुळशीबागेतून मणी आणले. एक मणी म्हणजे 500. सैनिकांचे 26 लाल, वाहणाऱ्यांचे 52 निळे, जनावरांचे 80 तपकिरी. हत्तींना मोहरी, एकाला एक दाणा, 44. बाटलीतून ताटात ओतले तेव्हा निळे आणि तपकिरी यांच्यात लाल शोधावे लागले. भाचा म्हणाला, 'आत्या, आपण लढाईचा नकाशा करतोय ना?' मी म्हटलं, ताटाकडेच बघ.

वरच्या टोकाला आणखी एक उलट गणित आहे. मगदालाला पोचलेली लढाऊ फौज सुमारे 4,000. म्हणजे आठ लाल मणी. बाकीचे 18 वाटेवर ठाणी राखत मागेच.

15 सप्टेंबर

गणपती परवा जातील. घरात पाहुणे, तरी एक मोठा निर्णय झाला.

भाच्यानं विचारलं, 'तेवोद्रोस कुठून आला?' मी म्हटलं, तो तर मगदालालाच होता. म्हणाला, 'नाही, तोही चालत आला.' खरं आहे, आणि मीच ते गाळलं होतं.

ॲबिसिनियाचा सम्राट दुसरा तेवोद्रोस. 1855 मध्ये राज्याभिषेक. मोडकळीला आलेली सत्ता एकत्र करायची, नवी फौज उभी करायची, तोफा स्वतःच्या देशात ओतायच्या, असं त्याच्या मनात होतं. 1862 मध्ये त्यानं व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं, मैत्री मागितली. उत्तर आलं नाही. जानेवारी 1864 मध्ये त्यानं इंग्रज वकील कॅमेरून याला कैद केलं. मग एडनहून इंग्रजांचा अधिकारी होर्मुझ्द रस्सम राणीचं पत्र घेऊन गेला, त्याच्याबरोबर डॉक्टर ब्लँक आणि मुंबई फौजेचा लेफ्टनंट प्रिडो. त्यांचं आधी स्वागत झालं आणि काही महिन्यांनी तेही बेड्यांत. मोहिमेचं कारण म्हणून पुस्तकांत एवढंच असतं : कैदी सोडवणं.

1867 च्या ऑक्टोबरात, नेपियरची आघाडी झुल्याला उतरत होती त्याच महिन्यात, तेवोद्रोस आपली राजधानी देब्रे ताबोर जाळून निघाला. बरोबर अवजड तोफा आणि 'सेबास्तोपोल' नावाची प्रचंड उखळी तोफ, गाफातच्या युरोपीय मिशनरी कारागिरांकडून ओतून घेतलेली. तिला दऱ्यांतून वर न्यायला रस्ता नव्हता. त्यानं तो केला. दगड फोडताना स्वतः हात लावला. जिद्दा आणि बशिलोच्या, हजारेक मीटर खोल दऱ्या त्यानं ती तोफ ओढत ओलांडल्या आणि मार्च 1868 च्या अखेरीस तो मगदालाला पोचला, नेपियरच्या आधी थोडेच दिवस. पुढे नेपियरच्या फौजेला वादेला आणि दलांताच्या पठारांवर त्याचाच रस्ता आयता मिळाला.

एक फौज उत्तरेकडून रस्ता करत आली, एक राजा पश्चिमेकडून. आमच्या फळीवर एकच रस्ता होता. देब्रे ताबोर आमच्या पश्चिम कडेपासून 54 सेंटीमीटर बाहेर पडतं.

दोन फूट बाय दोन फुटाचा आणखी एक तुकडा जोडायचा. नकाशा आता काटकोनात वळतो. ठरवलेल्या टेबलावर बसणार नाही, टेम्पोत एका वेळी मावणार नाही, खर्च वाढला. सुतारकाका वैतागले, पण बोल्टची खाच त्यांनीच सुचवली. त्या माणसानं केलेली क्रूरताही मी झाकणार नाही. त्यानं गावं जाळली, लोक त्याच्यावर उलटले होते. पण त्याच्या रस्त्याशिवायचा नकाशा हा फक्त आलेल्यांचा नकाशा झाला असता.

29 सप्टेंबर

पश्चिमेचा तुकडा कापून आला. जिद्दाची दरी मोजली, पठारापासून तळापर्यंत आठ थर. बोट आत जातं.

13 ऑक्टोबर

वाटेवरची माणसं. चिठ्ठ्या लिहून झाल्या. नेपियरला सगळ्यांत मोठा आधार मिळाला तो तिथल्याच लोकांचा. 25 फेब्रुवारी 1868 रोजी तिग्रेचा राजा कासाई त्याला भेटला. नेपियर हत्तीवरून गेला होता. आम्ही फक्त कैदी सोडवायला आलो आहोत, जमीन घ्यायला नाही, असं त्यानं आधीच जाहीर केलं होतं. कासाईनं वाट दिली, धान्य दिलं. जागोजागी शेतकरी धान्य, वैरण, खेचरं घेऊन येत आणि थालर घेऊन जात. मगदालाच्या भोवती ओरोमो लोकांच्या राण्यांनी पळवाटा रोखल्या. परत जाताना कासाईला तोफा आणि बंदुका मिळाल्या, आणि चार वर्षांत तो चौथा योहान्नेस म्हणून सम्राट झाला.

आणि खर्च. ब्रिटिश पार्लमेंटला सुरुवातीला 20 लाख पौंड सांगितले होते, शेवटी आकडा 90 लाखांच्या घरात गेला. त्यात हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला. हे कैदी आपले नव्हते, भांडण आपलं नव्हतं. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी 1867 मध्येच ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे यावर हरकत घेतली. हिंदुस्थानातून वाहून जाणाऱ्या पैशाचा हिशेब ते त्याच सुमारास मांडू लागले होते. ही चिठ्ठी मी झुल्याला लावणार, धक्क्यावर, जिथे सगळं उतरलं.

3 नोव्हेंबर

भाऊबीज. सगळे माहेरी जमले होते. यंदा पोरांनी अंगणात किल्ला केला तो मगदालाचा. हट्ट भाच्याच्या मुलीचा. एरवी राजगड किंवा प्रतापगड होतो. गाळलेली माती, गोणपाट, विटा, आणि मी समोच्च रेषांचा छापील कागद दिला होता, त्यावरून तिनं तीन माथे बरोबर ठेवले : फाला, सेलासी, आणि मधल्या इस्लामगीच्या खिंडीपलीकडे मगदाला. मावळे मात्र नेहमीचेच उभे केले. महाराज कुठे ठेवायचे, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी तिनं महाराजांना किल्ल्यावर न ठेवता पायथ्याला, वेगळ्या पाटावर ठेवलं. 'हा किल्ला त्यांचा नाहीये ना.'

भावानं नाणं बाहेर काढलं. मोठ्या काकू, आता नव्वदीच्या, हातात घेऊन म्हणाल्या, 'ते पलटणीत नव्हते गो. खेचरं हाकायला गेले होते. सासूबाई सांगायच्या, पायात वहाण नव्हती.' भाऊ म्हणाला, पलटणीतच होते, सगळे तसंच सांगतात. काकू पुन्हा काही बोलल्या नाहीत, नाणं पदराला पुसून परत दिलं.

मला काकूंचं पटतं. 52 निळे मणी आहेत आणि 26 लाल, आणि त्या लालांतही मराठी मुलखातले थोडेच.

24 नोव्हेंबर

आरोगे. मगदालाच्या पायथ्याचा हा भाग वेगळ्या मोठ्या तुकड्यावर केला आहे, 1 सेंटीमीटरला 100 मीटर.

10 एप्रिल 1868, गुड फ्रायडे. बशिलो ओलांडून फौज वर चढत होती. क्वार्टरमास्टर जनरल कर्नल फेअर यानं पुढची घळ सुरक्षित असल्याचं कळवलं, म्हणून सामानाची खेचरं त्या वाटेनं सोडली. ती फाल्याच्या तोफांच्या अगदी खाली उघडी पडली. (हाच तो फेअर, पुढे बडोद्याचा रेसिडेंट, मल्हारराव गायकवाडांच्या विषप्रयोग प्रकरणातला.) सामान उघड्यावर दिसताच तेवोद्रोसनं आपली माणसं कड्यावरून खाली सोडली. पाऊस पडत होता. त्यांच्याकडे भाले, ढाली, तोड्याच्या बंदुका. समोर आरमाराचे अग्निबाण, डोंगरी तोफा, आणि किंग्ज ओन पलटणीच्या हातात नव्या स्नायडर रायफली, मागून भरायच्या, भराभर झडणाऱ्या. दोनेक तासांत सुमारे 700 मेले, 1,200 जखमी झाले. या बाजूला 20 जखमी, त्यांतले दोन पुढे वारले. सामानापाशी तेविसाव्या पंजाब पायोनियरच्या शिपायांनी संगिनींनी हातघाईची लढाई केली. बाकी मैदानात हातघाई झालीच नाही.

मण्याच्या हिशेबानं 700 म्हणजे दीड मणी. ते मला लिहवेना. म्हणून काळे तीळ. माणसाला एक. चिमट्यानं उचलून, फेव्हिकोलच्या सुईटोक ठिपक्यावर ठेवायचा. सकाळी सातला बसले. दुपारी जेवायला उठले तेव्हा 310 झाले होते. भाच्याची मुलगी येऊन बसली आणि तिनं पन्नास-साठ ठेवले, मोठ्यानं मोजत. 'आजी, हे श्राद्धाचे तीळ ना?' मी हो म्हटलं. दिवे लागणीला 700 पूर्ण झाले. या बाजूच्या त्या दोघांचे दोन, तसेच, त्याच मापाचे.

वर दोनदा वार्निश. मुंग्या लागू नयेत.

15 डिसेंबर

मगदाला. लढाईनंतर तेवोद्रोसनं कैदी सोडले. त्याआधी, 9 एप्रिलला, त्यानं आपल्याच देशातल्या शेकडो कैद्यांना मारून कड्यावरून लोटलं होतं. तेही चिठ्ठीवर आहे. ईस्टरच्या रविवारी त्यानं गुरं पाठवली, नेपियरनं ती परत केली. युरोपीय कैदी सगळे हाती आले. जे मागायला आले होते ते मिळालं. तरी 13 तारखेला हल्ला झाला, कारण तेवोद्रोसनं शरण जावं ही अट होती आणि तो जाणार नव्हता.

तोफांच्या माऱ्याखाली तेहेतिसावी पलटण कोकेत-बीर दरवाज्याशी पोचली तेव्हा कळलं, दरवाजा उडवायची दारू आणि शिड्या मागेच राहिल्या. 400 मैल तोफा आणि हत्ती आणले आणि शेवटच्या दरवाज्याला शिडी नाही. माणसं काटेरी कुंपण चढून आत गेली. दरवाज्यामागे दगड रचले होते. तेवोद्रोस आतल्या वाटेवर होता, त्यानं पिस्तूल तोंडात घालून चाप ओढला. ते पिस्तूल राणी व्हिक्टोरियाच्या नावानं त्याला भेट आलं होतं.

मग लूट. चर्चमधली हस्तलिखितं, चांदीचे क्रूस, सोन्याचा मुकुट, ताबोत, म्हणजे वेदीवरच्या पवित्र पाट्या, ज्या पुरोहिताशिवाय कुणी बघायच्याही नसतात. सगळं न्यायला 15 हत्ती आणि जवळजवळ 200 खेचरं लागली. 20 आणि 21 एप्रिलला दलांताच्या पठारावर लिलाव झाला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस बोली लावायला बरोबरच आला होता. 17 तारखेला मगदाला जाळून टाकला.

या परतीला मी पिवळा रेशमी दोरा वापरला. जातानाच्या वाटेवर 44 मोहरीचे दाणे आहेत, त्यांतले 15 उचलले आणि पिवळ्या दोऱ्यावर मगदालापाशी उत्तरेकडे तोंड करून ठेवले. हत्ती आपले, माहूत आपले. जाताना तोफा वाहिल्या, येताना एका देशाचे ग्रंथ आणि देव. वाहणाऱ्यांना यातलं काय उचलायचं हे ठरवता आलं नसेल. पण मुलांना जाताना जशी आपली माणसं दाखवायची तशीच येतानाही दाखवायची. नुसता पराक्रम सांगून मी ही फळी शाळेत ठेवणार नाही.

29 डिसेंबर

काच बसवली. आठ मिलिमीटरची हवी होती, सहाची घेतली, वजनासाठी. चिठ्ठ्या 31, सगळ्या मराठीत, मोठ्या अक्षरात.

एक दोरा उरला आहे, पांढरा. तेवोद्रोसचा मुलगा अलेमायेहू. सात वर्षांचा. फौजेबरोबर त्याला आणि त्याच्या आईला खाली आणलं. आई वाटेतच, मे महिन्यात, वारली. मुलाला जहाजानं इंग्लंडला नेलं. मधे काही काळ पालक कॅप्टन स्पीडीबरोबर तो अवधमध्येही राहिला. 1879 मध्ये अठराव्या वर्षी गेला. विंडसरला सेंट जॉर्ज चॅपलमध्ये त्याला पुरलं आहे. इथिओपिया अस्थी परत मागते आहे, 2023 मध्येही नकार मिळाला. 2019 मध्ये लंडनच्या लष्करी संग्रहालयानं तेवोद्रोसच्या केसांची बट तेवढी परत केली. ताबोत अजून ब्रिटिश म्युझियमच्या कोठारात आहेत.

पांढरा दोरा झुल्याला येऊन संपतो, कारण फळी तिथे संपते. झुल्याच्या पुढे दोन मीटर दोरा मोकळा गुंडाळून ठेवला आहे. शाळेत बघू.

12 जानेवारी 2025

सकाळी सहाला पुण्याहून टेम्पो. खाली दोन गाद्या, काच वेगळी, काटकोनाचा तुकडा वेगळा. ताम्हिणीच्या वळणांवर मी मागे बसले, हात फळीवर. चालकाला भाच्यानं आधीच सांगितलं होतं, 'दादा, सावकाश, आत अख्खा घाट आहे.' साडेअकराला शाळेत. सहावीची मुलं मदतीला. बोल्ट बसले, एक खाच घासावी लागली.

मुलांनी सर्वांत आधी तीळ ओळखले. मग हत्ती मोजायला लागली. जाणाऱ्या वाटेवर 29 भरले, आणि पंधरा उलटे का, हा प्रश्न पाच मिनिटांत आला. पिवळ्या दोऱ्याबद्दल सांगितलं. एका मुलानं विचारलं, परत दिलं का? मी म्हटलं, 1872 मध्ये योहान्नेस सम्राटानं मागितलं तेव्हा एक 'केब्रा नेगास्त' ग्रंथ परत दिला, आणि आता थोडं थोडं. तो म्हणाला, म्हणजे नाही दिलं. नाही, मी म्हटलं.

नाणं भावानं दिलं नाही. त्याचा ठसा मेणात घेऊन साच्यातून पांढऱ्या सिमेंटचा काढला आहे, तो काचेबाहेर झुल्यापाशी चिकटवला, बोट लावून बघता येईल असा. काकूंचं वाक्य त्याच्या खाली लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, नाव न घालता : पायात वहाण नव्हती.

वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा होता. पांढरा दोरा झुल्यापासून उचलून तिथल्या इंग्लंडपर्यंत न्यायचा असं ठरलं. गुरुजींनी टाचणी आणली. दोरा मुलांच्या डोक्यांच्या उंचीवर येत होता, पुढून जाणारं प्रत्येक मूल त्यात अडकणार. म्हणून छताच्या वाशाला एक खिळा ठोकला, दोरा सरळ वर नेला आणि तिथून भिंतीकडे उतरवला. दोन मीटर कमी पडला. शिवणवर्गाच्या पेटीतून दुसरा मिळाला, रंग थोडा वेगळा आहे. गाठ खिळ्यापाशी मारली.

पुण्याला पोचायला रात्रीचे नऊ वाजले.